दिवाणजींचा सांभाळ

माझ्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही जनावराला उपाशी ठेवलं नाही आणि कुठल्याही पाखराला एकेरीत हाक मारली नाही; माणसांच्या बाबतीत मात्र अशी खात्री देता येणार नाही. भडगावात गिरणेच्या काठाला त्यांची शेती होती आणि अख्खं गाव त्यांना आबा म्हणायचं. कुणाच्या घरी गेले की आबा ओट्यावर चढायच्या आधी गोठ्यात शिरत, तिथल्या म्हशीची, वासराची, कोपऱ्यात बांधलेल्या शेळीची सावकाश विचारपूस करत, आणि मग बाहेर येऊन घरच्या माणसांना "बरं आहे ना सगळं" असं एका दमात विचारून पाणी मागत. पुतणीची सोयरीक बघायला गेले असताना त्यांनी मुलाकडे पाहिलंच नाही. त्या घरच्या बैलाच्या खांद्याला जू घासून जखम झाली होती आणि तिला कुणी हळदसुद्धा लावली नव्हती, एवढ्यावर ते चहा न घेता उठले. धार काढायच्या आधी ते म्हशीला "काढू का?" असं विचारत आणि खरोखरच क्षणभर उत्तराची वाट पाहत. मामी एकदा मला म्हणाल्या होत्या की आपलं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आपल्याला या माणसानं अजून एकदाही काही विचारलेलं नाही. पण हे सांगताना त्या हसत होत्या, हेही खरं.

त्या आबांच्या घरी एक करकोचा होता. दर थंडीत गिरणेच्या वाळवंटात हे पक्षी थव्यांनी उतरतात, हरभऱ्याच्या शेतांवर ताव मारतात आणि उन्हाळा लागला की उत्तरेकडे निघून जातात. कुणा शिकाऱ्याचा छर्रा लागून एक जण आबांच्या हरभऱ्यात पडला. दुसरा कोणी असता तर त्यानं चोर सापडला म्हणून आनंद केला असता. आबांनी त्याला उपरण्यात गुंडाळून घरी आणलं, पंखाला बांबूच्या कामट्या बांधल्या आणि महिनाभर स्वतःच्या हातानं दाणे भरवले. हाड जुळलं, पण पंख अधू राहिला, आता काही हे उडायचे नाहीत, असं आबा सांगत. राखाडी अंग, काळी लांब मान आणि डोळ्यामागून कानावर आलेला पांढऱ्या पिसांचा तुरा. एखाद्या जुन्या कारकुनानं कानावर बोरू खोचून ठेवावा तसा तो तुरा दिसे. म्हणून आबांनी त्यांचं नाव दिवाणजी ठेवलं. दिवाणजींची उंची माझ्या कमरेएवढी होती आणि चाल अशी की समोरून आलेल्या माणसाला आपण काहीतरी कागद घरी विसरून आलो आहोत असं वाटावं.

दिवाणजी आल्यापासून आबांनी गाव सोडलं नव्हतं. तीन वर्षांत किती लग्नं झाली, किती बारशी झाली, सगळीकडे मामी एकट्या गेल्या. पण दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची ही गोष्ट, त्यांच्या थोरल्या लेकीनं साक्रीला नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीला आबा आले नाहीत तर आपण त्या घरात पाऊल ठेवणार नाही असा निरोप पाठवला. फाल्गुनाचे दिवस होते. मामींनी आबांना निरोप ऐकवला आणि त्या भांडायच्या तयारीनं उभ्या राहिल्या, तर आबा चक्क जाऊ म्हणाले. आठ दिवसांचा बेत ठरला. मागे घर कोण सांभाळणार हा प्रश्न आला तेव्हा भावकीतली, शेजारची अशी सगळी माणसं आबांनी एकेक करून बाद केली. एक जण मोठ्यानं बोलतो, दुसऱ्याच्या घरी मांजर आहे, तिसरा तंबाखू थुंकतो. शेवटी त्यांना मी आठवलो. मी तेव्हा जळगावात एका वकिलांकडे कारकून होतो. "तुम्ही दोघं एकाच धंद्यातले," आबांनी मला सांगितलं, "जमेल तुमचं."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. नुकतंच लग्न झालेलं, जळगावच्या दीड खोलीत आम्ही दोघं, आणि आता आठ दिवस नदीकाठचं एवढं मोठं घर आमच्या हवाली होणार होतं. शिवाय मी पडलो जावई. सासुरवाडीच्या गोतात जावई गेला की त्यानं पाटावर बसायचं आणि बाकीच्यांनी वाढायचं, ही मला माहीत असलेली रीत. पाचोऱ्याला गाडीतून उतरून मोटारीनं भडगावला पोचलो तेव्हा आबा ओट्यावर उभे होते. शेजारी दिवाणजी उभे होते. मी आबांना वाकून नमस्कार केला. आबांनी हलकेच माझ्या खांद्याला धरून मला दिवाणजींकडे वळवलं. काय करावं ते न सुचून मी त्यांनाही नमस्कार केला. माझी बायको पदरात तोंड लपवून सरळ आत निघून गेली. ती याच घरात लहानाची मोठी झाली होती आणि तिनं मला यातलं काहीही आधी सांगितलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस माझी शिकवणी झाली. दिवाणजींना ज्वारी कोरडी द्यायची नाही, रात्री भिजवून सकाळी निथळून द्यायची. पाणी पितळी घंगाळातच. रोज सकाळी ऊन वर यायच्या आत त्यांना नदीवर न्यायचं. न्यायचं म्हणजे त्यांनी पुढं चालायचं, आपण दोन पावलं मागे. कुत्रं आडवं आलं तर आपण पुढं व्हायचं आणि कुत्रं गेलं की पुन्हा मागे यायचं. त्यांच्यासमोर शीळ घालायची नाही. ते जेवत असताना टक लावून बघायचं नाही. आणि त्यांचं जेवण झाल्याखेरीज आपण जेवायचं नाही, कारण घरच्यांनी आधी जेवून पाहुण्याला मागं ठेवणं बरं नव्हे. त्यांना शहरातलं मराठी समजत नाही, म्हणून त्यांच्याशी अहिराणी बोलायचं. आणि ते माणूस पागोट्यावरून ओळखतात, म्हणून आठ दिवस आबांचं लाल पागोटं मी घालायचं. हे शेवटचं ऐकून मी बायकोकडे पाहिलं. ती गंभीर चेहरा करून तांदूळ निवडत होती. काही कमीजास्त झालं तर तार करा, असं आबांनी मला चार वेळा बजावलं आणि साक्रीचा पत्ता पाठ करून घेतला.

जायच्या दिवशी छकडा दारात आला. कजगावला गाडी पकडायची, चाळीसगावला बदलायची, धुळ्याहून पुढे मोटार, असा लांबचा पल्ला होता आणि मामी घाई करत होत्या. आबा छकड्यात बसले आणि उतरले. घंगाळ सावलीत ठेवा म्हणून सांगून पुन्हा बसले. वेशीपर्यंत छकडा गेला आणि आबा चालत परत आले; दिवाणजींना विजेचं भय आहे, ढग आले तर त्यांच्याजवळ बसा, म्हणाले. फाल्गुनात कुठले ढग येणार होते? मग तिसऱ्या वेळी परत आले. दिवाणजींच्या समोर थोडा वेळ उभे राहिले, हात पुढे केला, मागे घेतला आणि वळून निघून गेले. वेशीजवळून मामींनी मोठ्यानं सांगितलेलं मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. "जावईबापू, तुम्ही आपले आधी जेवून घेत जा."

मी मामींचं ऐकायला हवं होतं. कारण आबा गेले आणि दिवाणजींनी जेवण सोडलं. ज्वारी भिजवली, निथळली, पुढं ठेवली, पाठ फिरवून बसलो, तर दाण्याला चोच नाही. मी पागोटं नीट केलं, घसा खाकरला आणि जमेल तशा अहिराणीत "खाई ल्या, दिवाणजी" म्हणालो. ते भिंतीकडे बघत राहिले. नियम म्हणजे नियम, म्हणून मीही जेवलो नाही. दुपार टळली. शेजारच्या अक्का डोकावून गेल्या. दिवाणजी कसे आहेत, आबांनी लक्ष ठेवायला सांगितलंय, म्हणाल्या. त्यानंतर सुतार येऊन गेला, मग न्हावी, मग देवळातले गुरव. आबांनी माझ्यावर लक्ष ठेवायला अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं आणि उरलेलं अर्धं आपणहून येत होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्या पोटात भुकेचा आगडोंब आणि डोक्यावर आबांचं पागोटं, अशा अवस्थेत मी दिवाणजींची आर्जवं करत होतो, तेवढ्यात बायको भुईमुगाच्या शेंगा फोडायला ओट्यावर येऊन बसली. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपल्याशीच काही गुणगुणत ती शेंगा फोडत होती आणि टरफलं बाजूला टाकत होती. दिवाणजी एक पाऊल सरकले, मग दुसरं. आणि तिच्या सुपातला दाणा त्यांनी अलगद उचलला. ती हसली नाही, वळली नाही. दिवाणजी पोटभर जेवले. मग मी जेवलो, तेही सूप पुढ्यात घेऊन, शेंगदाण्यांपासून सुरुवात करून.

त्यानंतर आमची गट्टी जमली. मला तर त्या कामाचा नादच लागला. पहाटे जाग आली की कधी एकदा नदीवर जातो असं व्हायचं. दिवाणजी पुढे, मी मागे, आणि वाटेवरची माणसं बाजूला होऊन आम्हाला रामराम करायची. वकिलांच्या मागून चालत कोर्टात जायची मला सवय होती, पण तिथं कधी इतका मान मिळाला नव्हता. वाळूत ते पाय धुतल्यासारखे डबक्यातून फिरत, किडेमुंग्या टिपत, आणि मी खडकावर बसून त्यांना जळगावच्या गोष्टी सांगे. अहिराणी मला धड येत नव्हती, तेव्हा दोन वाक्यांनी मी शहरातल्या मराठीवर येई. त्यांची काही तक्रार दिसली नाही.

पाचवा दिवस उजाडला. हवा स्वच्छ होती. आम्ही वाळूत पोचलो आणि पल्याडून आवाज आला, दाट, घोगरा, एकात एक मिसळलेला, जणू शेकडो बैलगाड्यांची चाकं एकदम करकरतायत. वर पाहिलं तर थवा. त्याच्या मागे दुसरा. करकोचे परत निघाले होते. रांगा जोडत, मोडत, पुन्हा जोडत ते गिरणेवर आले आणि तिथंच गोल गोल फिरून वर चढू लागले. इतके पक्षी मी जन्मात पाहिले नव्हते. पागोटं एका हातानं धरून मी मान मागे टाकून बघत राहिलो. मग माझं लक्ष दिवाणजींकडे गेलं. त्यांनी मान ताठ केली होती, चोच आभाळाकडे होती, आणि गळ्यातून असा आवाज निघाला की मी दचकलो. तीन वर्षांत कुणी तो ऐकला नसेल. वरून उत्तर आलं.

ते पळायला लागले. मीही पळालो. ओल्या वाळूतून, पाण्यातून, धोतर सावरत, "दिवाणजी, थांबा" म्हणत. त्यांनी पंख उघडले. अधू म्हणे, एवढे मोठे पंख या अंगात कुठे मावत होते असं मला वाटलं. ते हातभर वर उठले, एका बाजूला कलले आणि धपकन खाली आले. पुन्हा पळाले, पुन्हा उठले, आणि उथळ पाण्यात कोलमडले. त्या वेळी मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. ते धापा टाकत होते, पंख पसरलेले, पाय गुडघ्यात दुमडलेले. मी वाकलो, हात पुढे केला. उपरणं टाकून धरलं असतं तरी सापडले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते वर बघत होते. काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण मी तो हात तसाच मागे घेतला आणि माझ्या तोंडून निघालं, "उठा दिवाणजी, आणखी एकदा."

ते उठले. काठावर कपडे धुणाऱ्या बायका हातातलं टाकून उभ्या राहिल्या. पळत, पंख मारत, वाळू उडवत ते पलीकडच्या दरडीपर्यंत गेले, आता आदळणार असं वाटलं आणि दरडीवरून वर निघाले. डावा पंख जरा खाली होता. पण ते वर गेले. फिरणाऱ्या थव्याखाली एकटेच गोल फिरत राहिले, मग थोडे वर, आणखी वर, आणि पुढं कोणता ठिपका दिवाणजी हे मला सांगता येईना. मी भानावर आलो तेव्हा मोठमोठ्यानं ओरडत होतो आणि आबांचं पागोटं गिरणेच्या पाण्यातून वाहत चाललं होतं.

आनंद टिकला तो घरी पोचेपर्यंत. दाराशी रिकामं घंगाळ दिसलं. गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. ओट्यावर माणसं जमली. सुतार म्हणाला, कोल्ह्यानं नेलं सांगा. गुरवांनी सुचवलं की दुसरा एखादा पकडून आणावा, पण आबा ओळखतील हे त्यांचं त्यांनाच पटलं. शेजारच्या अक्कांनी फक्त एवढंच विचारलं की आता हा माणूस घरात कुणाशी बोलेल. तार करायची होती. दोनदा पोस्टापर्यंत गेलो आणि परत आलो. तार मिळताच आबा वास्तुशांत टाकून निघतील आणि लेकीचं मन मोडेल, हे दिसत होतं. बायकोचा सल्ला सरळ होता. आल्यावर तुम्ही स्वतःच्या तोंडानं, जसं झालं तसं सांगा, एक शब्द इकडेतिकडे करू नका, ती म्हणाली. उरलेले तीन दिवस मी भिजवलेली ज्वारी चिमण्यांना घातली आणि आबांना काय सांगायचं ते भिंतीला सांगून पाहिलं.

आबा आले. छकड्यातून उतरताना त्यांच्या हातात एक लहान गाठोडं होतं. साक्रीच्या डोंगराकडची नागली, म्हणजे आपली नाचणी, दिवाणजींना चव बदल म्हणून. ओट्यावर दोनच माणसं उभी होती. आबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गाठोडं हळूच खाली ठेवलं. मी सांगायला सुरुवात केली, पण पाठ केलेलं एक वाक्यही आठवेना. थवा आला आणि ते गेले, एवढंच कसंबसं बोललो. जनावराबद्दल ते एकेरीत बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं तेव्हा.

"खाईसन गया का तो?"

मी म्हणालो, हो आबा, जेवले होते, दाणेही खाल्ले होते. आबांनी मान हलवली, चपला पुन्हा पायात घातल्या आणि चला म्हणाले. मामी पाणी घेऊन बाहेर आल्या तोवर आम्ही नदीच्या वाटेला लागलो होतो.

वाळूत पोचल्यावर त्यांनी मला सगळं करून दाखवायला लावलं. कुठून पळाले, कुठे पहिल्यांदा उठले, किती उंच, कोणत्या बाजूला कलले. मी पळून दाखवलं. त्यांना ते पुरलं नाही. मी हात पसरून पुन्हा पळालो, पाण्यात कोलमडलो, उठलो, दरडीपर्यंत गेलो. आबा काठानं माझ्याबरोबर पळत होते, साठी उलटलेला माणूस, आणि विचारत होते, मग, मग पुढं? थव्यातल्यांनी जवळ केलं का? चोच मारली नाही ना कुणी? मी तिसऱ्यांदा दरडीशी पोचलो तेव्हा आम्हा दोघांनाही दम लागला होता आणि आबांचा चेहरा असा फुलला होता की मला पुढचं सांगवेना. पण बायकोनं बजावलं होतं. पाण्यात पडले तेव्हा माझा हात पोचत होता आबा, मी धरलं नाही, असं मी सांगून टाकलं.

आबा वाळूत बसले. मूठभर वाळू उचलून ती बोटांतून सोडत राहिले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी मला जे सांगितलं ते मामींनाही ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी पंख बांधलेलाच होता. पुढच्या वर्षीच तो बरा झाला होता, उडण्याइतका बरा. दोन वर्षं माघ लागला की आबा एकटे गोठ्यात त्यांना घेऊन बसत आणि पंखांची पिसं कातरत; वर्षभरात ती पुन्हा येत.

"यंदा हात उचलना नही," आबा म्हणाले. "आणि डोळ्यांनी बघवलंही नसतं. म्हणून साक्रीला गेलो."

थोड्या वेळानं ते उठले, धोतराची वाळू झटकली आणि माझ्या डोक्याकडे पाहून पागोटं कुठाय म्हणून विचारलं. तेही गेलं, मी म्हणालो. त्यावर मात्र आबा असे हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली.

पुढच्या पौषात त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. करकोचे आले होते. आम्ही सकाळी दरडीवर जाऊन बसलो. खाली वाळूत दोन-अडीचशे पक्षी उतरले होते, सगळे सारखेच राखाडी, सगळ्यांच्या कानावर तोच पांढरा बोरू. आबा डोळ्यांवर हात धरून एकेकाकडे बघत होते. एक जण थव्यापासून जरा वेगळा चालत होता, सावकाश, मान ताठ ठेवून. तोच असेल असं मला वाटलं, नसेलही. मी आबांना म्हणालो, हाक मारून बघा ना, ओळखीचे असले तर मान वळवतील.

आबा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"नको," ते म्हणाले. "त्यांच्याबरोबर त्यांची माणसं आहेत. चारचौघांत हाक मारणं बरं दिसत नाही."

ऊन वर आलं तसा थवा उठला आणि नदीपलीकडच्या शेतांकडे गेला. तो नजरेआड होईपर्यंत आबा उभे होते.